तुमचं मशीन भंगारात दिलं त्याबद्दल

९ जानेवारी

तुम्हाला काय म्हणून हाक मारायची, इथेच गाडी अडली आहे. 'ताई' लिहिलं तर ढोंग वाटेल, आणि आपल्या नात्याला भाषेत जो शब्द आहे तो कागदावर उतरवायची माझी हिंमत नाही. म्हणून मायना गाळते.

मी मुंगीच्या बाबांची आताची बायको. आपण एकदाच भेटलोय, शाळेच्या फाटकाशी. तुम्ही मुंगीच्या केसांतली क्लिप नीट केलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "थंडीत हिचा कान दुखतो." ते मी विसरलेले नाही. थंडीत तिच्या कानात कापूस घालते.

तर ऐका. बाथरूममधलं तुमचं मशीन, कपडे धुऊन वाळवूनही देणारं, तुमच्या मावशींकडून तुमच्याकडे आलेलं, ते मी गेल्या महिन्यात भंगारात देऊन टाकलं.

एकदाचं लिहून झालं. आडवळणाने लिहायला गेले तर दोन कागद फुकट गेले.

कारणं सांगायची तर पुष्कळ आहेत. खालून पाणी गळायचं. सुरू केलं की भिंतीपलीकडच्या फडताळातल्या कपबशा थरथरायच्या. वाळवताना करपल्यासारखा वास यायचा. ही सगळी कारणं मी मुंगीच्या बाबांना सांगितली आणि त्यांनी मान डोलावली. तुम्हाला खरं कारण सांगते. ते तुमचं होतं. लग्नाला दोन वर्षं झाली, तरी रोज सकाळी तोंड धुताना ते माझ्याकडे एका डोळ्याने बघायचं. नवं मशीन आणलं ते इतकं मुकं आहे की सुरू आहे की बंद, हे हात लावून बघावं लागतं. आल्यागेल्याला मी कौतुकाने तसा हात लावायला सांगत होते.

मुंगी शाळेत असताना जुनं उचलून नेलं. तेवढी अक्कल मला होती, म्हणजे चूक करतेय हे मला कळत होतं. ती घरी आली, हात धुवायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती काही न विचारता. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंही बोलत नाही. ताटात वाढलेलं अर्धं तसंच ठेवते. नवं मशीन मी दुसऱ्या भिंतीला लावलंय, त्यामुळे जुन्याच्या जागी फरशीचा एक उजळ चौकोन राहिलाय. शाळेतून आली की त्या चौकोनात जाऊन बसते. बाबा म्हणतात, "चार दिवसांत विसरेल. पोरांचं मन म्हणजे पाटी." पण पाटी काही पुसली जाईना.

शेवटी मी भंगारवालीकडे गेले. मशीन तिथेच होतं, दोन सायकली आणि एका बाथटबच्या मधे. मला बघून भंगारवाली म्हणाली, "परत पाहिजे? मग आमचा नियम ऐक बाई. घेताना किलोवर, देताना नगावर." वर एक टोला हाणलाच, "टाकताना कोणी विचार करत नाही, म्हणून तर आमचं घर चालतं."

आता ते मागच्या गॅलरीत आहे. चालत नाही. तीन दुरुस्तीवाले बघून गेले. एकजण तर आत न येता दारातूनच हसला. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, काचा घासते, दांड्या बसवते. स्क्रू मला नवे नाहीत, फक्त इतके मोठे कधी फिरवले नव्हते.

तुम्हाला एवढंच विचारायचंय की ती पुढची खुंटी कशी फिरवायची? आणि मुंगीला त्याचं काय आवडायचं, हे तुम्हाला माहीत असेल तर कळवा.

सुट्टीत तिला तिकडे पाठवण्याचं तुम्ही फोनवर विचारलं होतंत. तेव्हा तिचा चित्रकलेचा वर्ग असणार, त्यामुळे जमेलसं वाटत नाही. बाकी ती बरी आहे.

२ फेब्रुवारी

तुमचं उत्तर आलं. मायना तुम्हीही घातला नाहीत, त्यामुळे जरा हायसं वाटलं.

खुंटी आत दाबून घड्याळाच्या दिशेनेच फिरवायची, उलटी कधीच नाही, आणि बाहेर ओढली की सुरू. हे वाचलं आणि कपाळावर हात मारला. मी आठवडाभर ती उलटीसुलटी पिळत होते. मुंगीला काय आवडायचं ते माहीत नाही, ती नुसतीच तिथे खेळत बसायची, असं तुम्ही लिहिलंत. मशीन भंगारात दिल्याबद्दल एक अक्षर नाही. बोलला असतात तर बरं झालं असतं.

एक पंचाईत आधीच सांगून टाकते. पत्रात नवऱ्याचा उल्लेख कसा करायचा? 'हे' लिहायला गेले की वाटतं, माझे 'हे' ते तुमचे 'ते'. म्हणून आपले 'मुंगीचे बाबा' बरे.

इथे एक विजेच्या मोटारींची तार गुंडाळून देणारे गृहस्थ सापडलेत. घरात, दारात, उन्हात, सगळीकडे गळ्याला मफलर, म्हणून मी त्यांना मफलरकाका म्हणते, अर्थात पाठीमागे. त्यांनी मशीनच्या अंगावर दोन थापा मारल्या आणि म्हणाले, "हिला काही झालेलं नाही. माणसांनी हिच्याकडे बघितलं नाही, एवढंच." मग मागचं झाकण काढून आत बॅटरी मारली आणि लगेच म्हणाले, "नाही, बरंच झालंय."

ड्रमच्या मागची दोन्ही बेअरिंग गंजून एकजीव झाली होती. तो थरथराट त्यांचा होता. दाराचा रबर खालच्या बाजूने चिरला होता, पाणी तिथून गळायचं. आणि करपल्याचा वास कुठून यायचा, ते मी स्वतः शोधलं. वाळवणाऱ्या भागात गरम हवेची जी नळी आहे ती लव साचून बुजली होती. हात घातला तर नमद्यासारखा जाड गठ्ठा बाहेर आला. थर उलगडत गेले. वर माझ्या राखाडी शालीची लव. त्याखाली निळी, ती मुंगीच्या बाबांच्या कामावरच्या शर्टांची असणार. त्याखाली फिकट गुलाबी, बाळाच्या दुपट्याची असते तशी. त्याखाली हिरवी. हिरवं या घरात आता कोणी घालत नाही.

तुमचा संसार असा हातात धरून मी गॅलरीत उभी राहिले. टाकवेना आणि ठेववेना. शेवटी टाकला. तुम्हाला विचारायला हवं होतं का?

एक चांगली गोष्ट. काल मी पट्टा बसवत होते. मागून आवाज आला, "उलटा आहे." मुंगी दारात उभी होती. "खाचा आतल्या बाजूला असतात," म्हणाली आणि निघून गेली. किती दिवसांनी तिने माझ्याशी तोंड उघडलं! पट्टा खरंच उलटा होता. मी तसाच हातात घेऊन गॅलरीतल्या पायरीवर बसले आणि रडले. कोणाला सांगू नका.

मुंगीच्या बाबांना गॅलरीतला पसारा खपत नाही. त्यावरून थोडी बोलाबोली झाली. पण घर म्हटलं की चालायचंच.

२३ फेब्रुवारी

मशीनचं काम आता रोज संध्याकाळी चालतं. बॅटरी मुंगी धरते. म्हणजे मी धर म्हटलेलं नाही, तिनेच एक दिवस माझ्या हातातून काढून घेतली. मी चुकीच्या ठिकाणी बघत असले की उजेड हलवून बरोबर ठिकाणी नेते. बोलणं कमी, पण आता 'काकू' म्हणते. आधी काहीच म्हणायची नाही.

बेअरिंग निघता निघेनात. मफलरकाकांनी रॉकेल सोडून दोन दिवस तसंच ठेवायला सांगितलं, मग लाकडाचा ठोकळा मधे धरून हातोडा. मी ठोकत होते आणि मुंगी प्रत्येक घावाला डोळे मिटत होती. शेवटच्या घावाला ते सुटून गॅलरीच्या टोकापर्यंत घरंगळत गेलं आणि ती हसली. खरंच हसली. नवी बेअरिंग दुकानात सहज मिळाली. रबर मिळाला नाही, दुसऱ्या मशीनचा आणून काकांनी कापून जोडून दिला. हीटर करवून घ्यावा लागला. आता राहिला तो टायमर. खुंटीच्या मागे दातांच्या चकत्या आहेत आणि त्यांच्यावर टेकणाऱ्या पितळी पट्ट्या काळ्या पडल्यात. ते काम माझ्या हातचं आहे. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू लागतो तितकंच बारीक. दुकानातलं भिंग घरी आणलंय.

आता तुमच्या पत्राबद्दल. तुम्ही शेवटी एकच ओळ लिहिलीत, "तो अजून ओरडतो का?"

त्याचं उत्तर देते. नाही. माझ्याशी ते तसे वागत नाहीत. माणूस जरा तापट आहे, पण तेवढं कोण नसतं? दोघांनी समजून घेतलं की होतं सगळं. तुमच्या वेळी काय झालं ते मला माहीत नाही आणि त्यात मला पडायचंही नाही. मला जे सांगितलं गेलं ते असं, की घरात सतत भांडण असायचं आणि आवाज तुमचा असायचा. खरंखोटं तुम्हाला ठाऊक. आमच्या घरात शांतता आहे.

पत्र कोरडं झालं असेल तर माफ करा. दिवसभर काचा घासून डोळे दुखतात.

१६ मार्च

ताई,

पहिल्यांदाच हा शब्द लिहितेय. हे पत्र वाचून झाल्यावर तो तुम्हाला नको वाटला तर खोडा.

मशीन चालू झालं. गेल्या आठवड्यातल्या गुरुवारी काका, मी आणि मुंगी, तिघांनी ढकलत ते आत नेलं, त्याच्या जुन्या चौकोनात बसवलं. नळ जोडला. खुंटी मुंगीने फिरवली आणि ओढली. आधी टायमरची टकटक, मग पाण्याचा सळसळाट, मग ड्रमने एक कूस बदलली, दुसरी बदलली आणि घर भरून तो घरघराट सुरू झाला. कपबशा आता हलत नाहीत, पण आवाज तोच आहे म्हणाली मुंगी. काकांनी पहिल्यांदाच गळ्यातला मफलर सैल केला. धुऊन वाळून निघालेला टॉवेल मी गालाला लावला. गरम होता, कोरडा होता, करपल्याचा वास नव्हता. मला वाटलं, सुटले. केलेलं निस्तरलं.

शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात मुंगीच्या बाबांची आणि माझी जुंपली. विषय सांगायचीही लाज वाटते. दूध उतू गेलं, शेगडी कोणी बंद करायची होती, यावरून. ते बोलले, मी बोलले. त्यांचा आवाज चढला, त्याच्यावर माझा चढला. तेवढ्यात मागून मशीन सुरू झालं. मी मनात म्हटलं, गुणाची पोर, कपडे लावतेय. मशीनच्या घरघराटात आम्हाला एकमेकांचं ऐकू येईना, म्हणून आम्ही दोघं आणखी मोठ्याने बोलायला लागलो.

मंगळवारी पुन्हा तेच. आमची सुरुवात झाली आणि मागून टकटक, सळसळ, घरघर. या वेळी मी बोलणं अर्धं टाकून बाथरूमकडे गेले. का गेले माहीत नाही. मुंगी मशीनला पाठ टेकून खाली बसली होती. मांडीवर वही, गणितं सोडवत होती. काचेतून बघितलं तर ड्रम रिकामा फिरत होता.

"मुंगे, आत कपडेच नाहीत."

"माहितीये."

"मग कशाला लावलंस?"

तिने मान वर केली. रागावलेली नव्हती, घाबरलेली नव्हती. दुकानात गिऱ्हाईक विचारतं ना, चष्मा झाला का, तसं तिने विचारलं, "तुमचं झालं का?"

"काय झालं का?"

"भांडण. नसेल झालं तर असू दे. इथे ऐकू येत नाही."

मी तिच्याजवळ फरशीवर बसले. विचारू नये ते विचारलं, "असं तू कधीपासून करतेस?"

"आधीपासून. आई आणि बाबांच्या वेळी पण. आई म्हणायची, कोण सारखं मशीन लावतंय. एकदा खुंटी वाळवायच्या खुणेवर ठेवली की खूप वेळ चालतं." मग म्हणाली, "नव्याचा काही उपयोग नाही. त्याला आवाजच नाही. त्यात सगळं ऐकू येतं."

ताई, महिनाभर ती पोर माझ्याशी बोलत नव्हती आणि मी समजत होते की तिला त्या मशीनमध्ये तिची आई दिसते. मनातून मी तुमचा हेवा करत होते. आणि तिला हवी होती फक्त एक भिंत. ती मी काढून नेली, तिच्या जागी एक मुकं मशीन ठेवलं आणि वर लोकांना हात लावून बघायला सांगितलं.

हे तुम्हाला कळवावं की नाही, याचा मी चार दिवस विचार केला. तुम्हाला यातना होतील हे मला समजतं. ती तिथे 'नुसतीच खेळत बसायची' असं तुम्ही लिहिलं होतंत. पण मी या घरात येऊन लपवालपवी इतकी केलीय की आणखी एक मला पेलवणार नाही.

तुम्ही विचारलं होतंत, तो अजून ओरडतो का. मी खोटं लिहिलं. ओरडतात. आणि खरं सांगायचं तर मीही ओरडते. लग्नाआधी मी अशी नव्हते असं मला वाटतं, पण तसं प्रत्येकालाच वाटत असणार. आमचं घर शांत नाही. तुम्ही भांडखोर होतात, या गोष्टीवर मी विश्वास ठेवला कारण तो माझ्या सोयीचा होता. तुम्ही वाईट असलात की मी आपोआप चांगली.

१२ एप्रिल

ताई,

तुमचं पत्र यायला वेळ लागला. मला वाटलं होतं, येणारच नाही. तुम्ही लिहिलंत, "मी तिला वीज जाळते म्हणून एकदा मारलं होतं." त्याच्यापुढे काही लिहिलं नाहीत. मीही त्यावर काही लिहिणार नाही. फक्त एवढंच, की मुंगीने ते मला सांगितलेलं नाही. ती तुमच्याबद्दल बोलते तेव्हा तुमच्या हातांबद्दल बोलते, की दवाखान्यात आईला कोणालाही न दुखवता सुई टोचता येते.

मुंगीच्या बाबांना मी सांगितलं. कसं सांगितलं ते लिहिते.

पहिल्यांदा नुसतं तोंडी सांगितलं. ते म्हणाले, "काहीतरीच. पोरांना सवय असते. आमच्या लहानपणी तर घरात भांडी फेकली जायची, आम्ही मेलो का?" माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण भांडणाबद्दल भांडून कसं सांगणार? 

रविवारी मुंगी मैत्रिणीकडे गेली होती. मी मशीन लावलं, रिकामंच. त्यांना म्हटलं, "इथे बसा. ती बसते तसे." त्यांनी माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघितलं, पण बसले. पाय आखडून, मशीनला पाठ लावून. मी स्वयंपाकघरात गेले आणि एकटीच भांडले. दुधावरून, पसाऱ्यावरून, माझ्या माहेरावरून, त्यांच्या उशिरा येण्यावरून, आमचं जे जे म्हणून होतं ते सगळं. दोघांचंही मीच बोलले, त्यांची वाक्यं त्यांच्या आवाजात. घसा बसला तेव्हा परत आले.

विचारलं, "काय ऐकू आलं?"

माझी खात्री होती की 'काही नाही' म्हणतील. मग मला म्हणायचं होतं, बघा, ती रोज एवढ्यासाठी इथे बसते.

ते म्हणाले, "शब्द नाही कळले." मशीनवर हात ठेवून उठायला गेले, पण उठले नाहीत. "पण कोण ओरडतंय ते कळत होतं. तू कधी आणि मी कधी, ते पण."

म्हणजे तिला ऐकू येतच होतं, ताई. भिंत नव्हतीच. तिला वाटत असेल की आहे, किंवा आम्हाला बरं वाटावं म्हणून ती तसं म्हणाली असेल. नऊ वर्षांची पोर काय काय करत असेल, कोण जाणे.

त्यांनी स्वतः खुंटी आत दाबून मशीन बंद केलं. मग विचारलं, "तिच्या आईच्या वेळीसुद्धा?"

"हो."

ते फरशीकडे बघत होते. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी वाटलं, बरं झालं, एकदाचं कोणीतरी माझ्याबरोबर या खड्ड्यात उतरलं. इतक्या वाईट क्षणी मनात असले हिशेब येतात, याचीही लाज वाटते. शेवटी म्हणाले, "सुट्टीत तिला तिकडे पाठव."

आता शेवटचं. चित्रकलेचा वर्ग नाही. कधीच नव्हता. तुम्ही बोलावलंत हे मी मुंगीला सांगितलंच नव्हतं. ती गेली की परत येणार नाही, ही भीती होती, आणि लोक म्हणतील सावत्र आईने घालवली, ही त्याहून मोठी. काल तिला विचारलं, "आईकडे जायचं का सुट्टीत?" तर आधी म्हणाली, "तू रागावशील का?" आणि मी नाही म्हटल्यावर पळत जाऊन पिशवी काढून आणली. सुट्टी लागायला अजून किती तरी दिवस आहेत. पिशवी दाराशी ठेवलीय. येता-जाता मी तिला अडखळते, पण उचलत नाही.

बाबा तिला तुमच्याकडे सोडतील. ते आत यायचं टाळतील. तुम्हालाही नको असेल तर आग्रह करू नका. सुट्टी संपली की न्यायला मी येईन.

१९ जून

ताई,

सोबत मुंगीचा शाळा सोडल्याचा दाखला आहे. तिच्या बाबांनी स्वतः जाऊन आणला. तिकडच्या शाळेसाठी त्यांची संमतीही त्यांनी लिहून दिलीय. तिच्या ताब्यासाठी कोर्टाचं काय ते तुम्ही आणि ते, दोघांनी मिळून वकिलांना विचारू म्हणाले.

त्या दिवशी मी असं एकाएकी का वागले, हे तुम्हाला कळलं नसेल. मुंगीला न्यायला आले होते. चहा झाला होता, तिची पिशवी भरलेली होती, तिने बूटही घातले होते. तुम्ही आत तिची पाण्याची बाटली भरत होतात. माझ्यापुढे एक शब्द तुम्ही काढला नव्हतात. नुसते डोळे लाल होते, आणि मी ते न बघितल्यासारखं करत होते.

मुंगीने बुटाची नाडी बांधता बांधता मला हळूच विचारलं, "काकू, मी नाही आले तर बाबा ओरडेल?"

मी म्हटलं, "बाबा तिकडे, तू इकडे. तुझ्यावर कसे ओरडतील?"

"माझ्यावर नाही. तुझ्यावर."

ती तेवढ्यासाठी बूट घालत होती, ताई. मला एकटीला त्या घरात ओरडा खावा लागू नये म्हणून.

मी खाली बसले आणि तिच्या नाड्या सोडल्या. म्हटलं, "माझं मी बघेन. ओरडायला मलाही येतं." ती हसली नाही. मग म्हटलं, "आता कमी झालंय, खरंच." हे खरं आहे का, हे मला स्वतःला ठाऊक नाही. कमी झालंय, संपलेलं नाही. तेवढ्यात तुम्ही बाटली घेऊन बाहेर आलात आणि मी म्हटलं, "राहू दे तिला. शाळेचं बघू." तुमच्या हातातली बाटली तुम्ही मलाच दिलीत. ती माझ्याच हातात राहिलीय हे मी घरी आल्यावर पाहिलं.

गाडीत बसल्यावर मला कसं वाटलं ते लिहू का? हलकं वाटलं. आता सकाळी डबा नाही, आपल्यावर कोणाची नजर नाही, असं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःचा असा तिटकारा आला की शेजारच्या बाईने विचारलं, बरं नाही का? त्या पोरीने माझा विचार केला होता आणि मी हा करत होते. दोन्ही खरं आहे. माझी तिच्यावर माया आहे, हेसुद्धा. तुमचा विश्वास बसो न बसो.

मुंगीचे बाबा स्टँडवर आले होते. मी उतरले तरी ते माझ्यामागे गाडीच्या दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "झोपलीय का आत? मी घेतो उचलून." आणि पायरीवर पाय ठेवला.

मी म्हटलं, "अहो, ती आली नाही."

मला वाटलं, आता. इथेच, सगळ्या लोकांसमोर. मी पाठ ताठ करून उभी राहिले. त्यांनी पाय खाली घेतला. गाडी रिकामी होऊन निघून गेली, तरी आम्ही तिथेच. मग ते बाकावर बसले आणि मी सगळं सांगितलं, बुटांचंसुद्धा. सांगावं की नाही असं क्षणभर वाटलं, पण सांगितलं. ते ऐकत होते आणि दोन्ही तळहातांनी गुडघे चोळत होते.

मग म्हणाले, "तिकडे घरी फोन लावू का?"

"लावा की."

"तिची आई उचलेल."

"त्या ड्यूटीवर असतील आता."

तुम्ही ड्यूटीवरच होतात, म्हणून हे तुम्हाला माहीत नाही. मुंगीने सांगितलं नसेल तर म्हणून लिहितेय. फोन तिनेच उचलला. मी शेजारी बसले होते, तिचा आवाज मला ऐकू येत होता. "हॅलो, कोण?" म्हणाली. ते काहीतरी बोलले. इतकं हळू की मलाही कळलं नाही.

"कोण? बाबा? बाबा, ऐकू येत नाहीये."

त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. नुसती हवा निघाली.

"बाबा, मोठ्याने बोल ना!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू काय करायचं ते मी सांगणार होते.  मग त्यांनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि असे ओरडले की स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली आणि पलीकडच्या बाकावर झोपलेला म्हातारा दचकून उठला.

"जेवलीस का?"

तुमची,
मुंगीची काकू